भुईमुगाची खूण

आमच्या घरात चमच्यापासून घागरीपर्यंत एकही भांडं बिननावाचं नव्हतं. वडिलांना त्याचं वेडच होतं. औशाच्या बाजारात नवं ताट घेतलं की ते आधी दुकानदाराच्या यंत्राखाली जायचं, कर्र आवाज व्हायचा आणि काठावर वडिलांचं नाव, खाली गावाचं नाव उमटायचं. आई चिडवायची, "तुमचं चाललं तर लेकरांच्या कपाळावर बी कोराल." वडील म्हणायचे, "नाव असलेली वस्तू हरवत न्हाई."

भूकंपात वडील गेले आणि भांडी राहिली. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट मी आयुष्यात इतक्यांदा सांगितली आहे की आता सांगावीशी वाटत नाही. मी तेरा वर्षांची होते, धाकटी बहीण आठ वर्षांची. आम्ही दोघी आणि आई पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. ढिगाऱ्यातून काही आमची माणसं वस्तू काढत होती, काही परकी माणसंही काढत होती, आणि कोण कुणाचं नेतंय हे विचारायचं त्राण कुणात नव्हतं.

एके दिवशी चार शेड पलीकडे एका बाईच्या चुलीवर मला आमचं पितळेचं पातेलं दिसलं. काठावर वडिलांचं नाव होतं. मी आईला ओढतच घेऊन गेले. आईला वाचता येत नव्हतं, तिनं पदराआडून ती अक्षरं बोटानं चाचपली, आत शिजणारी खिचडी पाहिली, भोवती बसलेली तीन पोरं पाहिली आणि परत फिरली.

"आपलं हाय ते!" मी ओरडले.

"हाव, आपलंच हाय. शिजू दे की," आई म्हणाली.

ते पातेलं कधीच परत आलं नाही. मला आईचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. आपलं नाव कोरलेली वस्तू डोळ्यांदेखत दुसरा वापरतो आणि आपण मुकाट बघायचं, हे मला कधी जमणार नाही असं मी तेव्हाच ठरवलं. पुढे ते मी फार चोख पाळलं.

मला लातूरच्या वसतिगृहात जागा मिळाली. एकीचीच सोय होणार होती आणि मी मोठी. बहिणीनं चौथीत शाळा सोडली, आईजवळ राहिली, रोजगाराला गेली, अठराव्या वर्षी लग्न होऊन नांदेडला गेली. मी जीवशास्त्र घेऊन शिकले आणि लातुरातच शिकवायला लागले. तिनं मला कधी काही म्हटलं नाही. फक्त तिला मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवरूनच म्हणाली, "अक्का, हिला मात्र डॉक्टरीण करायची." मी हाव म्हटलं. हे हाव मी विसरले नव्हते, हे आधी सांगून ठेवते. पुढचं वाचून वाचकाला तसं वाटणार नाही.

मी शिकवायला लागले तेव्हा लातूर नुकतं उसळायला लागलं होतं. निलंगा, रेणापूर, पार धर्माबादहून मुलं यायची. गल्लीगल्लीत खोल्या, खोल्यांत खाटा, खाटांवर पुस्तकं. घरमालकांनी गोठे पाडून वरती मजले चढवले. दहावीत पहिला आलेला प्रत्येक मुलगा डॉक्टर होणारच, अशी सगळ्या मराठवाड्याची समजूत झाली आणि ती समजूत जपायला आम्ही क्लासवाले होतो. मीही त्यातलीच, मी काही वेगळी नव्हते. पण एक गोष्ट मी मनापासून केली. मी प्रश्न स्वतः तयार करायचे. पुस्तकातले उचलायचे नाही. बाभळीच्या शेंगा, तुरीच्या मुळावरच्या गाठी, शेळीचं दूध, जे मुलांनी शेतात पाहिलंय त्यावरून प्रश्न. प्रत्येक पानाच्या तळाशी मी लिहायचे, "घोकू नका, फोडून बघा." बी फोडा, कळी फोडा, आत काय आहे ते बघा. कित्येक वर्षं बसून मी तो प्रश्नसंच वाढवत नेला. मला मूल नाही. तो संच माझ्यासाठी काय होता हे मी इथे सांगत बसत नाही.

आधी तो हातानं लिहिलेला होता. मी वडिलांची लेक, प्रत्येक पानावर माझं नाव टाकायचे. झेरॉक्सवाले नावावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून प्रत काढायचे. मग मी नाव पानाच्या मधोमध, फिकट अक्षरात, आडवं टाकलं. त्यांनी यंत्रावरचा उजेड वाढवला, नाव उडालं, प्रश्न राहिले. मग सीडी आली, तिला कुलूप घातलं. ते एका आठवड्यात तुटलं. शेवटी एका माणसाकडून ॲप करून घेतलं. तो म्हणाला, मॅडम, यातून कुणाच्या बापाला कॉपी करता येणार नाही, पडद्याचा फोटोच निघत नाही. खरंच निघत नव्हता. मुलं एका फोनवर ॲप उघडायची आणि दुसऱ्या फोननं फोटो काढायची. एवढी अक्कल त्या ॲपवाल्याला नव्हती आणि मलाही नव्हती.

धर्माबादला एका संस्थेनं माझा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, मॅडमच्या नोट्स आमच्या तालुक्यात घरोघर पोचल्या आहेत. टाळ्या झाल्या. त्या तालुक्यातून त्या वर्षी माझ्याकडे दोनच मुलं होती. मी व्यासपीठावरून पाहिलं तर पहिल्या तीन रांगांतल्या पोरांच्या मांडीवर माझाच संच होता, गुलाबी मुखपृष्ठ घातलेला, बिननावाचा. एक मुलगा तर त्यावर माझी सही घ्यायला आला. मी सही केली. हसावं की रडावं हे कळेना, म्हणून नारळ सांभाळत बसले.

लोक म्हणायचे, मॅडम, विद्या दिल्यानं वाढते. हे म्हणणारे बहुतेक जण तीच विद्या चौकात टेबल मांडून विकत होते. विद्या वाढायची त्यांच्याकडे आणि द्यायची मात्र मी.

पहिली मोठी गळती घरातूनच झाली होती. चुलतभावाच्या मुलाला मी ॲपचा कोड फुकट दिला होता. त्यानं तो वर्गातल्या सगळ्यांना दिला आणि वर मलाच फोन करून सांगितलं, "आत्या, तुझं ॲप लई स्लो चालून राहिलंय." त्या दिवशी मी नियम केला, नातेवाइकांना कोड नाही. कुणालाच नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी बहिणीचा फोन आला. तिची मुलगी अकरावीत गेली होती, नांदेडलाच एका क्लासला घातली होती, फी भरून झाली होती. मेहुणे कापडाच्या दुकानात कामाला. बहीण आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागत होती.

"अक्का, ते तुझ्या मोबाइलवरलं जे हाय, ते पोरीला पाठव की."

"ते नाही देता यायचं. तिला इकडे पाठव. माझ्या घरी राहील, मी फुकट शिकवीन."

"तिकडं कशी पाठवू? इथली फी गेली की. एवढं नुसतं पाठव."

"नियम केलाय गं. एकाला दिलं की सगळे मागतात."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. परत तिनं त्याचं नाव काढलं नाही. मी मनात म्हटलं, रुसली, उतरेल राग. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला होता. सख्ख्या बहिणीलासुद्धा सोडलं नाही, असं मी क्लासमध्ये दोघांतिघांना सांगितलंही.

त्याच उन्हाळ्यात मी ती शक्कल काढली. नाव टिकत नाही, कुलूप टिकत नाही, तर मग चूक ठेवायची. खोडता न येणारी खूण म्हणजे चुकीचं उत्तर, कारण चोराला ते चुकीचं आहे हेच कळणार नाही. प्रत्येक बॅचच्या संचात मी एकेक उत्तर मुद्दाम चुकीचं छापलं, दर बॅचला वेगळं. पहिल्या दिवशी वर्गात सगळ्यांना सांगायचे, अमुक पान काढा, लाल पेन घ्या, उत्तर दुरुस्त करा. म्हणजे माझी मुलं सुरक्षित. ॲपमध्येही तीन दिवसांनी उत्तर आपोआप बदलायचं. पण संच चोरीला जायचा तो पहिल्याच दिवशी, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. चोराच्या प्रतीत चूक तशीच राहणार आणि ती बघून मला कळणार की माल कुठल्या बॅचमधून फुटला.

सकाळच्या बॅचला मी भुईमूग दिला. प्रश्न असा होता: पिकलेल्या बीमध्ये भ्रूणपोष शिल्लक राहतो अशी वनस्पती कोणती? भ्रूणपोष म्हणजे अंकुरासाठी ठेवलेली शिदोरी. वाटाणा, घेवडा, भुईमूग यांच्यात अंकुर वाढतानाच ती संपवून टाकतो. एरंडात ती राहते. उत्तर एरंड. मी छापलं भुईमूग. पटण्यासारखं होतं, शेंगदाण्यात एवढं तेल असतं, पोरांना खरं वाटणारच. चूक निवडताना मी दोन तास घालवले होते. इतकी मजा मला प्रश्न काढतानाही कधी आली नव्हती.

पंधरा दिवसांत भुईमूग नांदेडात उगवला. तिथल्या क्लासच्या गल्लीतल्या एका झेरॉक्सवाल्याकडे मला माझा संच मिळाला, फोटोवरून छापलेला, नाव कापलेला, पान तेच, उत्तर भुईमूग. मी अक्षरशः टाळी वाजवली. पुरावा घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, पण चोरीला गेलं काय? तुमच्याकडं तर हाय की ते अजून."

मी त्याला खूण समजावून सांगितली. त्यानं दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या, उत्तरावर बोट ठेवलं.

"म्हणजे हे चुकीचं हाय?"

"हो."

"आन हे तुम्हीच लिवलं?"

"मुद्दाम लिहिलं."

"मग ते मला कसं काय लिहून घेता येईल, मॅडम," तो म्हणाला आणि चहा मागवला. सकाळच्या बॅचला मी फैलावर घेतलं, सगळे माना खाली घालून बसले, कुणी कबूल झालं नाही. झेरॉक्सवाल्याचं दुकान आजही चालू आहे, आता वर मजलाही झालाय. माझ्या शकलेतून एवढंच निष्पन्न झालं, असं मला तेव्हा वाटलं.

दोन वर्षांनी भाचीनं मेडिकलची परीक्षा दिली. परीक्षा झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती एसटीनं लातूरला आली, माझ्याकडे उत्तरं पडताळायला. बहिणीनं सोबत शेंगदाण्याची चटणी पाठवली होती. त्या फोननंतर फारसं बोलत नसली तरी ती चटणी पाठवायची थांबली नव्हती. दुपारी आम्ही दोघी टेबलाशी बसलो. ती प्रश्न वाचायची, स्वतःचं उत्तर सांगायची, मी बरोबर म्हणायचे. फार चांगली झाली होती परीक्षा. मी मध्येच उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिनं पान उलटलं आणि वाचलं, पिकलेल्या बीमध्ये भ्रूणपोष शिल्लक राहतो अशी वनस्पती कोणती.

"भुईमूग," ती म्हणाली. एका दमात, न अडखळता.

मी विचारलं, "हे कुठे वाचलंस?"

"नोट्समध्ये. आमच्या इथं सगळ्यांकडं हायत त्या."

"कुणाच्या?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, चोरीच्या आहेत म्हणून लाजली. मी म्हटलं, "एरंड हवं होतं." ती म्हणाली, "एकच तर चुकलं, मावशी." मी पुढचा प्रश्न वाच म्हटलं.

सांगता आलं असतं. त्याच वेळी, तिथेच. मी सांगितलं नाही. एका प्रश्नानं काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं, आणि ज्या धंद्यात एकेका प्रश्नानं पोरांच्या जागा जातात त्या धंद्यात माझी हयात गेली होती. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलं तर एक कापला जातो. एका प्रश्नाचा फरक पाच गुणांचा. सरकारी कॉलेजच्या शेवटच्या यादीत ती तीन गुणांनी राहिली.

बहिणीनं फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "नशीब," म्हणाली. मी म्हटलं, आणखी एक वर्ष बसव, या वेळी माझ्याकडे पाठव, सगळं मी बघते. ती म्हणाली, "न्हाई अक्का. तिच्या मागं दोघं हायत." पोरीनं नर्सिंगला प्रवेश घेतला. ॲपमधून, संचातून मी सगळ्या खुणा काढून टाकल्या. बॅचा बंद केल्या नाहीत, पोट होतं. पण नवीन प्रश्न काढायचं मात्र थांबलं, आपोआपच.

काढून टाकल्या म्हणजे माझ्याकडच्या काढल्या. बाहेरच्या कशा काढणार? मागच्या वर्षी वर्गात एरंड शिकवत होते तर मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. निलंग्याकडची, बोलायला धीट.

"मॅडम, उत्तर भुईमूग हाय ना?"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्याच नोट्सात हाय. तीन पुस्तकांत बघितलं मी."

मी तिला ती पुस्तकं आणायला सांगितलं. तीन वेगवेगळ्या क्लासची होती, तिन्हींवर वेगवेगळ्या सरांचे फोटो, आणि तिन्हींत माझा भुईमूग. माझं नाव कुठेच उरलं नव्हतं. मी केलेलं चांगलं कुणाच्या ना कुणाच्या नावावर गेलं होतं आणि माझं खोटं मात्र जसंच्या तसं टिकलं होतं. मी वर्गात शेंगदाणे मागवले, प्रत्येकाला एकेक दिला, फोडायला लावला. दोन डाळी, मधे एवढासा अंकुर, बाकी काही नाही. मुलं बघत राहिली. त्या धीट मुलीनं वहीत एरंड लिहिलं, पण माझ्यावर तिचा पुरता विश्वास बसलाय असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

त्या रविवारी मी नांदेडला गेले. भाची सुट्टीला घरी आली होती. बहीण दारात गहू निवडत बसली होती, मी तिच्याजवळच खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. कोड द्यायला फोनवर नाही का म्हटलं ते, मुद्दाम छापलेली चूक, लाल पेन, पोलीस ठाणं, ती दुपार. बहिणीचे हात सुपात तसेच राहिले. ती म्हणाली, "मी मागितलं तवा दिलं असतंस तर?"

"तर तिच्याकडे बरोबर उत्तर असतं. ॲपमध्ये तीन दिवसांनी बदलायचं."

तिनं सूप उचललं आणि आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. भाची उंबऱ्यावर उभी राहून सगळं ऐकत होती. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"मावशी, मला माहीत होतं त्या तुझ्या नोट्स हायत."

"कसं? नाव तर कापलेलं होतं."

"नाव कशाला लागतंय? बाभळीच्या शेंगा, तुरीच्या गाठी. आन प्रत्येक पानावर खाली, घोकू नका, फोडून बघा. तुझ्याबिगर कोण लिवतंय असं? त्या दिवशी तू विचारलंस तर सांगायची लाज वाटली. तू न्हाई म्हणली होतीस ना."

मला एकदम राग आला. कुणाचा ते मला आजही सांगता येणार नाही. मी जवळजवळ ओरडलेच, "मग फोडून का नाही बघितलंस? घरात शेंगदाणे नव्हते का?"

"बाकी सगळ्यांचं तपासून बघत होते मी, मावशी," ती म्हणाली. "क्लासच्या सरांचं बी. तुझं तेवढं बघितलं न्हाई."